अडीच वर्षांच्या मुलीचा खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाही

चिंगीची आई

मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो, पुण्यात राहतो. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला. आधी नेहमीसारखी सर्दी, दोन दिवस ताप, तो उतरला. खोकला मात्र तिसरा आठवडा संपत आला तरी आहेच. दिवसा खेळताना फारसा नाही. झोपल्यावर तासाभरात सुरू होतो आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास उबळ येते, कधीकधी त्यात दूध उलटून पडतं. भूक थोडी कमी, खेळणं चालू. लसी वेळेवर, दीड वर्षाचा बूस्टरही झालाय.

घरात तीन बाटल्या उघडलेल्या आहेत: एक सर्दीची, एक कफ पातळ करणारी आणि एक सालब्युटामॉलवाली (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध). सासूबाई ओव्याची धुरी द्या म्हणतात, शेजारच्या काकू वाफ. किती दिवस वाट बघायची, बाटल्यांतलं काय चालू ठेवायचं आणि रात्री तिला झोप लागावी म्हणून घरी काय करायचं, हे सांगाल का?

बालरोगवाला

तीन आठवडे सलग आहे, की मध्ये दोन-चार दिवस पूर्ण थांबून पुन्हा नाक वाहायला लागलं आणि मग सुरू झाला, हे आधी आठवून बघा. प्लेग्रुपच्या पहिल्या वर्षात आठ-दहा सर्द्या होणं अगदी सर्रास आहे आणि पावसाळ्यात त्या एकीला जोडून दुसरी अशा येतात. एका साध्या व्हायरल सर्दीचा खोकला निम्म्या मुलांत दहा दिवसांत जातो, पण दहातल्या एखाद्या मुलात पंचवीस दिवसांपर्यंत रेंगाळतो. अशा दोन सर्द्या जोडून आल्या की घरच्यांना सव्वा महिन्याचा एकच खोकला दिसतो. म्हणून कॅलेंडरवर रोज फक्त तीन खुणा करा: नाक वाहतंय का, रात्री खोकल्याने जाग आली का, खोकला कोरडा की ओला. डॉक्टरांना या खुणांचा उपयोग रिपोर्टच्या फायलीपेक्षा जास्त होतो.

झोपल्यावर तासाभरात येणारा खोकला बहुतेक नाकातला असतो. आडवं झालं की शेंबूड मागच्या बाजूने घशात उतरतो. त्यासाठी झोपण्याआधी दहा मिनिटं दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे (नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचे) दोन-तीन थेंब, आणि मग नाक पुसून किंवा शिंकरून साफ. दिवसातून तीन-चार वेळा चालेल. पहाटेची उबळ मात्र वेगळी नोंदवा. दम्याकडे झुकणारा खोकला मध्यरात्रीनंतर आणि पहाटे येतोच, शिवाय पळाल्यावर आणि खूप हसल्या-रडल्यावरही येतो. तुमच्या मुलीला खेळताना फारसा येत नाही, ही जमेची बाजू. घरात कुणाला दमा, तिला स्वतःला त्वचेचा कोरडा खाजरा एक्झिमा, किंवा छातीतून शिटीसारखा आवाज असेल तर पारडं दुसरीकडे झुकतं.

आता मोजणी. ती शांत किंवा झोपलेली असताना फ्रॉक वर करून पोटाची हालचाल बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. (दोन महिने ते एक वर्ष या वयात ५०, दोन महिन्यांच्या आत ६०.) रडताना मोजलेला आकडा धरायचा नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, पाणी प्यायला दम पुरत नसेल, मूल नेहमीपेक्षा सुस्त असेल, किंवा शांत बसलेली असतानाही श्वास घेताना घरघर येत असेल, तर त्याच रात्री दवाखाना. वाहन नसेल तर १०८.

उलटीने घाबरू नका. या वयात कफ थुंकता येत नाही, गिळला जातो, आणि उबळीच्या जोराने दुधासकट बाहेर पडतो. पण उबळ इतकी लांबते का की तोंड लाल होतं आणि शेवटी श्वास ओढताना ‘हूप’ असा आवाज येतो? लसी झालेल्या असल्या तरी तेव्हा डांग्या खोकला मनात धरायचा, विशेषतः घरात त्याच वेळी मोठ्या माणसालाही रेंगाळणारा खोकला असेल तर. तान्ह्या बाळात तो आवाज बहुधा येत नाही, श्वासच थांबू शकतो. घरात तान्हं असेल तर हे आजच डॉक्टरांना सांगा.

वाट कुठवर बघायची? कोरडा, कमी होत चाललेला खोकला आणि वजन नीट असेल तर चार आठवडे. चार आठवड्यांनंतरही रोज ओला, घरघरता असेल तर तो ‘अजून सर्दीच’ म्हणून सोडायचा नाही. श्वासनलिकांत जंतू ठाण मांडून बसतात आणि त्याला दोन आठवड्यांचा अँटिबायोटिक कोर्स लागतो. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून तो अर्धवट सोडला की खोकला परत. उलट पहिल्या आठवड्यात शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक देणं निरर्थक. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास सुटतात. एक टीबी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा ताप, आणि जोडीला वजन घटणं किंवा घरात, शेजारी, सांभाळणाऱ्या मावशींना टीबी असणं, या जोडीकडे लक्ष हवं. वजन तीन महिन्यांत ५ टक्क्यांनी घटणं ही धोक्याची खूण मानतात, म्हणजे तुमच्या मुलीसाठी ६०० ग्रॅम. लसीकरणाच्या कार्डावरची जुनी वजनं काढून बघा. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत.

दुसरं म्हणजे शेंगदाणा. खोकला सर्दीने नव्हे, तर खाताना किंवा खेळताना एकदम ठसका लागून सुरू झाला असेल तर दाणा, फुटाणा, सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी ठसका दहा मिनिटांत शमतो, सगळे विसरतात आणि आठवड्याने खोकला, ताप सुरू होतो. या वस्तू एक्स-रेमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून निश्चिंत व्हायचं नाही. ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते दुर्बिणीने बघायचं की नाही हे त्यावरच ठरवतात.

गल्लीतला केमिस्ट

बाटल्यांबद्दल मी सांगतो, कारण गोंधळ काउंटरवरच जास्त होतो.

सर्दीच्या बाटलीमागे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असेल तर ती चार वर्षांखाली द्यायची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी तसं लेबलवर छापायला सांगितलंय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मुलं दगावली, तेव्हा कोल्ड्रिफ सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची तेव्हाची सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नाहीतच आणि पाच वर्षांखाली सहसा नाहीत. भेसळ नसलेली बाटलीसुद्धा या वयात खोकला कमी करत नाही, मूल फक्त गुंगतं. कुठलंही सिरप सुरू केल्यावर उलट्या आणि लघवी कमी झाली, तर औषध बंद करून बाटलीसकट दवाखान्यात जा.

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. ‘कफ पातळ करणाऱ्या’ बऱ्याच सिरपांत अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन यांच्याबरोबर लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं. म्हणजे दोन बाटल्यांतून एकाच जातीचं औषध दुप्पट जातं. हात थरथरणं, छाती धडधडणं, चिडचिड आणि झोप उडणं हे त्याचेच परिणाम. खोकल्याने झोपत नाही म्हणून आणखी अर्धा चमचा देणारे पालक रोज भेटतात! डॉक्टरांना तिन्ही बाटल्यांचे फोटो पाठवा आणि काय बंद करायचं ते आजच विचारून घ्या.

सलाइन मागताना खोक्यावर ‘सोडियम क्लोराइड ०.६५%’ किंवा ‘०.९%’ एवढंच लिहिलेलं असेल ते घ्या. त्याच नावाच्या, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खोक्यात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. ते चार-पाच दिवस घातलं की नाक उलट जास्त चोंदतं, आणि लहान मुलाला जास्त गेलं तर धोकाही आहे.

दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक मिळालंच, तर एक हिशेब लक्षात ठेवा. अमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलनेटची पावडर पाण्यात कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही सात दिवसच टिकते. चौदा दिवसांना दुसरी बाटली आठव्या दिवशी कालवायची, दोन्ही एकदम नाही. उकळून गार केलेलं पाणी, आधी निम्मं घालून हलवा, मग खुणेपर्यंत. मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा सुईशिवायची सिरिंज. स्वयंपाकघरातल्या चमच्यात तीन मिली मावतं की सात, सांगता येत नाही. जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर जुलाब कमी होतात.

वैद्य सातारकर

धुरी खोलीला देतात, खोकणाऱ्या मुलाला नव्हे. धूर ओव्याचा असो, उदाचा असो की डासांच्या कॉइलचा, आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना तो सारखाच झोंबतो. सासूबाईंचा मान राखायचा तर ओवा तव्यावर कोरडा गरम करून पुरचुंडीत बांधा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि कपड्यावरून छाती-पाठ शेका. कापूर घालू नका. लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. नाकात तेलाचे थेंब नकोत, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. वाफेचं भांडं तर मुलाच्या जवळपासही नको. वाफेने खोकला कमी होतो असं दिसलेलं नाही, पण उकळतं पाणी सांडून भाजलेली मुलं प्रत्येक सरकारी रुग्णालयात दिसतील.

तुमच्या मुलीला मध चालेल. झोपण्याआधी अर्धा तास, अर्धा ते एक छोटा चमचा, म्हणजे अडीच ते पाच मिली, नुसता किंवा कोमट पाण्यात. मग दात घासून झोपवायचं. मात्र एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि घुटी मधात उगाळायची सवय इथेच आड येते. मधातल्या जिवाणूंच्या बीजांनी तान्ह्याचे स्नायू लुळे पडू शकतात. उगाळायचंच तर आईच्या दुधात, आणि जायफळ, वेखंड अंदाजपंचे नको. हळद-दुधाने अपाय नाही, पण त्याने पहाटेची उबळ थांबेल ही अपेक्षाही नको. केळं आणि दही बंद करून काही साधत नाही. आधीच भूक कमी असलेल्या मुलाचं तेवढं जेवण मात्र जातं.

चिंगीची आई

सगळ्यांचे आभार. नोंद करायला घेतली. खोकला कोरडाच आहे, ठसका वगैरे लागला नव्हता, शांत झोपेत श्वास २८. आमच्या डॉक्टरांनी चार आठवड्यांत गेला नाही तर पंप (इनहेलर) देऊन बघू असं म्हटलंय. पंपाची सवय लागते का? आणि मास्क बघूनच ही किंचाळते.

श्वासमाप

२८ उत्तम. पंपाची सवय लागत नाही. सिरपातून जे औषध मिलिग्रॅममध्ये सगळ्या अंगात फिरतं, ते पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट श्वासनलिकेत जातं. पण सुरू करतानाच विचारा: किती आठवडे द्यायचं, कोणत्या तारखेला थांबवून बघायचं? खोकला पंपाने गेला की आपोआप, हे बंद केल्याशिवाय कळत नाही. तारीख ठरवली नाही की तो वर्षभर चालू राहतो.

पंप लहान मुलाला थेट तोंडात द्यायचा नाही, मास्क लावलेला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी) हवाच. नवा प्लास्टिकचा स्पेसर आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बुडवा, नंतर पाण्याने विसळू नका, फडक्याने पुसू नका, उभा ठेवून वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि अर्धं औषध भिंतींनाच चिकटतं. हीच धुलाई महिन्यातून एकदा.

देताना पंप पाच-सहा वेळा हलवा. नवा असेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत. तिला मांडीवर, पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवा. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, मग एकच फवारा, आणि पाच-सहा श्वास किंवा दहा सेकंद मास्क तसाच. दुसरा फवारा असेल तर अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारले तर औषध कमी पोचतं. मास्कच्या कडेला बोटभर फट राहिली तर जवळजवळ काहीच पोचत नाही, आणि लोक म्हणतात पंपाने फरक पडला नाही. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

रडताना औषध खोल जात नाही, त्यामुळे दाबून धरून काही मिळत नाही. आठवडाभर आधी मास्क खेळण्यांत ठेवा, बाहुलीला लावा, स्वतःला लावा. तो लावून पाच आकडे मोजायचे, एवढाच खेळ. औषध नंतर.

चिंगीची आई

बाहुलीला आजच लावते. आणि प्लेग्रुप? तिथल्या ताई खोकला पूर्ण गेल्यावरच पाठवा म्हणतात.

बालरोगवाला

ताप औषधाशिवाय २४ तास नसेल, ती खात-खेळत असेल तर पाठवा. खोकला पूर्ण जायची वाट बघत बसलात तर पावसाळा घरातच जाईल. ताईंना हवी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. अपवाद डांग्या खोकल्याचा: शंका असेल तर घरीच, आणि त्याचं औषध सुरू झाल्यावर पाच दिवसांनी पाठवायचं. रात्रीचं दूध झोपण्याआधी तासभर द्या, आडवं पाजू नका. आणि मिरचीची फोडणी देताना ती स्वयंपाकघरात नको.