टॉन्सिल्सच्या ऑपरेशनचा सहावा दिवस (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-२०२: नमस्कार. लेकीच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन होऊन आज सहावा दिवस. पहिले तीन दिवस बऱ्यापैकी होती, परवापासून रडतेय. आज कान दुखतोय म्हणते, पाण्याचा घोटही नको म्हणते. घशात दोन्हीकडे पांढरं-पिवळं दिसतंय. पू झालाय का? कुणाला अनुभव आहे?

सी-१०४: आमचा मुलगा चौथ्या दिवशी खेळायला लागला होता. कानात थेंब घालून बघा.

बी-५०१: ताई, थेंब घालू नका. माझं हे ऑपरेशन ३२व्या वर्षी झालंय, आणि सहावा-सातवा दिवस मला अजून आठवतो. उजव्या कानात कुणी दाभण खुपसतंय असं वाटायचं. डॉक्टरांनी कान तपासला तर स्वच्छ! घशाकडून आणि कानाच्या आतून येणाऱ्या संवेदना एकाच मज्जातंतूतून जातात, म्हणून घशातली कळ कानात उठते. ते पांढरं-पिवळं म्हणजे बहुतेक खपली. गुडघ्यावर कोरडी धरते, घशात कायम ओल, म्हणून तशी दिसते. तोंडाला वासही येतो. साधारण ५ ते १० दिवसांत ती सुटते आणि त्याच सुमारास दुखणं पुन्हा उचल खातं. तिचं काही बिघडलंय असं लगेच धरू नका.
पण पाण्याचं मात्र ऐकू नका तिचं. मी दुखतं म्हणून दिवसभर प्यायलो नाही, संध्याकाळपर्यंत घसा इतका कोरडा पडला की थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. वेदनेचं औषध द्या, अर्ध्या-पाऊण तासाने त्याचा असर आला की लगेच प्यायला द्या. पेला पुढे करू नका, तो बघूनच पोरं घाबरतात. चमच्याने द्या, दर पाच-दहा मिनिटांनी.

ए-२०२: औषध दुखलं की देतेय. झोपली असली तर उठवत नाही.

बी-५०१: तिथेच पहाट अवघड जाते, ताई. रात्रीचा डोस चुकतो, वर तोंड उघडं टाकून झोपल्याने घसा सुकतो. डॉक्टरांना विचारून हे दिवस तरी घड्याळ लावून द्या.

डी-३०३: बाळा, मी ३० वर्षं वॉर्डात नर्स होते. हा म्हणतोय ते बरोबर आहे. औषध मात्र डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे लिहिलंय तेच. ॲस्पिरिन नाही. घरात मोठ्यांचं कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर त्याला हातही लावायचा नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल्स काढलेली मुलं दगावली आहेत त्याने. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नका असं सांगितलं.
आणि रक्त. खपली सुटायचे हेच दिवस. तोंडातून लालभडक ताजं रक्त आलं तर सकाळची वाट बघायची नाही, थांबल्यासारखं वाटलं तरी तडक हॉस्पिटल. तिला पुढे वाकवून बसवायचं, रक्त गिळू न देता थुंकायला लावायचं. झोपेत सारखी घोट गिळताना दिसली तर टॉर्च लावून घसा बघ. लघवीला किती वेळा जातेय?

ए-२०२: सकाळपासून एकदाच, काकू.

डी-३०३: मग आत्ताच डॉक्टरांना फोन कर. इथे नंतर लिही.

सी-१०४: थेंबांचं मागे घेतो, वहिनी. गाडी लागली तर रात्री कधीही बेल वाजवा.

ए-२०२: फोन झाला. दोन तासांत पोटात पाणी गेलं नाही तर घेऊन या म्हणाले, सलाईन लावू. आता औषध दिलंय.

ए-२०२: चमच्याने चाललंय. अकरा चमचे झाले. बाराव्याला रडली, पण गिळलं.

डी-३०३: मी वर येते. तू जरा पाठ टेक.