नुसत्या सोलरनं भागेल का?

जुळे सोलापूरकर:
आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा सोलर बसवायचं ठरतंय. सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये सबसिडी मिळते, त्यामुळे वडीलही तयार झालेत. पण मिक्सर, पंखा, गीझर, काहीही आणा, दोन-तीन वर्षांत भंगारात. ऊन कितीही असलं तरी वस्तू अशा संपवत राहिलो तर पुढच्या पिढीचं कसं होणार?

रिवायंडिंगवाला, अशोक चौक:
नुसत्या सोलरनं भागत नाही, पण बसवा जरूर. ३ किलोवॅटला दिवसाला सरासरी बारा युनिट मिळतात आणि पॅनेल पंचवीस वर्षं काम देतं. अडचण आहे ती त्यावर चालणाऱ्या वस्तूंची.

माझ्याकडे टॉवेलच्या मागांच्या मोटारी येतात. ओतीव बॉडी. जळाली तर जुनी तार काढायची, तांब्याची नवी भरायची, वॉर्निश देऊन भट्टीत वाळवायची, बेअरिंग टाकायचं, की मोटार पुन्हा मागावर. वडिलांनी भरलेल्या मोटारी आज मी भरतोय.

आता बीएलडीसी पंखा बघा, म्हणजे ब्रश नसलेल्या, चुंबकाच्या आणि सर्किटवर चालणाऱ्या मोटारीचा. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. सोलरच्या घरात हाच हवा. पण काही कंपन्यांचा पंखा उघडला की अख्खं सर्किट राळेत ओतलेलं. आत एखादा किरकोळ पार्ट गेलेला असतो, तिथवर सोल्डरिंगचं टोकच पोचत नाही. अख्खा बोर्ड बदलायचा, आणि मॉडेल बंद झालं असेल तर बोर्डही नाही. चांगलं तांबं, चांगलं चुंबक भंगारात जाताना बघून जीव तुटतो. ते खाणीतून काढून घडवायला गेलेली ऊर्जा गच्चीवरचा सोलर कशी भरून देणार?

होटगी रोड:
उन्हाबद्दल थोडं. पॅनेलचे वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात, त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. आपल्या एप्रिल-मेमध्ये पॅनेल ६० च्या वर तापतं. खालून वारा खेळेल इतकं उंच बसवा, धूळ धुवत राहा. आणि रात्रीची वीज ग्रिडमधूनच येते. आपल्या जवळचा फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प कोळशावरच चालतो.

चादरवाला:
टिकाऊ माल बनवणारे आहेत हो, घेणारे कमी झालेत. आमची जकार्डची सुती चादर वर्षानुवर्षं धुऊन वापरतात. पण गिऱ्हाईक शेजारची पॉलिस्टरची स्वस्त चादर उचलतं, तीही सोलापुरी म्हणून. मग आम्ही धागा कमी करायचा का?

रिवायंडिंगवाला, अशोक चौक:
नाही दादा, धागा कमी करू नका. पण बिडी वळणाऱ्या बाईला महाग चादर घ्या असं मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून कंपनीवरच बंधन हवं: पार्ट दहा वर्षं मिळाले पाहिजेत, बोर्ड उघडता आला पाहिजे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तू विकताना, ती किती सहज दुरुस्त होते याचे गुण दाखवावे लागतात. आपल्याकडेही ते सक्तीचं व्हावं.

जुळे सोलापूरकर, पंखा घेताना दुकानदाराला वॉरंटीच्या आधी एवढं विचारा: बोर्ड सुटा मिळतो का, आणि केवढ्याला?