फॅन क्लचचा नट हलत नाही, कोणाकडे ३२ मिमीचा पाना आहे का?

बी-५ (सकाळी ९.१०)
सर्वांना नमस्कार. पार्किंगमध्ये माझी जुनी डिझेल जीप उघडून ठेवली आहे. जाण्यायेण्याला अडचण होत असेल तर सांगा, ढकलून कडेला घेतो.
झालं असं की मागच्या आठवड्यात संभाजीनगरच्या लग्नाहून परतताना कन्नडच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलो आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. घाट उतरल्यावर चाळीसगाव ते धुळे मोकळ्या रस्त्याला काहीच त्रास नाही. रेडिएटर साफ आहे, पाणी पूर्ण आहे. गरम इंजिन बंद करून पंखा ढकलला तर तो जड जायला हवा. हा मोकळा गरगर फिरतो, आणि मधल्या डब्यावर तेलाचा काळा ओघळ आहे. हा डबा म्हणजे फॅन क्लच, इंजिन तापलं की पंख्याला पकड देणारा. तोच गेलाय. नवा आणून ठेवलाय, पण जुना निघेना. काल दोन तास झगडलो. पान्यात पाइप घातला तर पुलीच पट्ट्यात घसरते.

ए-९
छन्नी लावून ठोका भाऊ, नट कितीही गंजलेला असो, निघतो.

सी-२ आप्पा
छन्नी अजिबात नको. नटाचे कोपरे गेले की वॉटर पंपासकट सगळं काढावं लागेल. भो, तू पाना कोणत्या बाजूला फिरवतोयस?

बी-५
नेहमीसारखा, डावीकडे.

सी-२ आप्पा
मग आधी पट्टा कसा फिरस ते दख.
नीट लिहितो, कारण एसटीच्या वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्या पोरांना हे मी कितीदा तरी सांगितलंय. हा नट वॉटर पंपाच्या दांड्यावर बसतो आणि तोच दांडा पंख्याला ओढत नेतो. पाती हवा कापतात, म्हणून पंखा कायम दांड्याच्या मागे राहायला बघतो. या मागे ओढण्याने नट सुटू नये, उलट आवळत जावा, अशा बेताने आटे पाडलेले असतात. म्हणून पंखा ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला नट सुटतो. घरातला टेबल फॅन आठव. पात्यावरची घुंडी उलट्या आट्याची असते ना? तेच इथे.
पण सगळ्या गाड्यांत नट उलटाच, असं धरून चालू नको. काही इंजिनांत पट्ट्याची पाठ पंपाच्या पुलीवर टेकते. तिथे पंखा उलटा फिरतो आणि आटे सरळ असतात. पट्टा बघितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

बी-५ (९.४०)
पाहिलं. पट्ट्याची आतली बाजू पुलीवर आहे आणि समोरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. म्हणजे मी काल दोन तास नट आवळत होतो, आप्पा.

सी-२ आप्पा
काही बिघडलं नाही. पाना घेऊन येतो, माझ्याकडे आहे. तोवर एवढं कर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये जाड पुठ्ठा घाल, पाना निसटला की पहिला घाव जाळीवर बसतो. पट्टा काढू नको, ताणलेलाच राहू दे. पुलीच्या दोन बोल्टच्या डोक्यांत लोखंडी पट्टी अडकवून धरायला माणूस हवा.

ए-९
मी येतो धरायला. नट गॅसने तापवायचा का?

सी-२ आप्पा
नाही. क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं आणि मागे पंपाचं सील. तापवलं तर पंपही गळायला लागेल.

सी-७
आमच्यासारख्या नव्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. त्यांनीही लक्षात ठेवा, चावी काढली तरी इंजिन गरम असेल तर तो अचानक सुरू होऊ शकतो. बॅटरीची तार काढल्याशिवाय बोट घालू नका. आणि मुलांना आज पार्किंगमध्ये खेळायला सोडू नका.

डी-३ काकू
मुलं वरच आहेत. खाली तिघं काम करताय, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पाठवते. ऊन चढायच्या आत उरका.

बी-५ (११.०५)
सुटला!
ज्यांना पुढेमागे करायचं असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. पाइप लावून रेटण्यात अर्थ नव्हता, संथ जोर पुलीला फिरवतो, नटाला नाही. आप्पांनी पाना नटात बसवला, ए-९ च्या दादांनी पट्टी धरली आणि मी पान्याच्या टोकावर हातोडीचा एकेक तोललेला, झटक्याचा घाव घातला. तिसऱ्या घावाला ‘टक्’ असा आवाज आला. नंतर नट हाताने फिरला. पंखा कव्हरमध्ये अडकत होता, म्हणून कव्हरचे बोल्ट काढून दोन्ही सोबतच वर उचलले.

सी-२ आप्पा
नवा क्लच आडवा ठेवला नाहीस ना? उभाच ठेव, आडवा पडला तर आतलं तेल गळतं. आणि बसवताना आटे फडक्याने पुसून पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच दे. आटा वाकडा धरला तर पंपाचा दांडा वाया जातो. शेवटी जास्त आवळू नको, चालताना तो आपोआप आवळला जातो.

बी-५ (१.२०)
बसवला. वीस मिनिटं उभी चालू ठेवली, काटा मधे स्थिर आहे आणि गरम झाल्यावर पंख्याचा घोंगावणारा आवाज पुन्हा ऐकू आला. आप्पा, पाना पुसून ठेवलाय, संध्याकाळी घरी आणून देतो. काकू, डबाही घेऊन येतो.