मदत हवी आहे: तोच सी कोड इंटेलवर शून्य देतो, एआरएम बोर्डवर देत नाही

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांसाठी आम्ही ड्रिपचा कंट्रोलर बनवतो, बागेत रास्पबेरी पाय ४ हा एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक (खाली 'बोर्ड') बसवलेला असतो (६४ बिट ओएस) आणि तोच हिशोब रात्री ऑफिसच्या इंटेल मशीनवर पुन्हा चालवून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहतो. ते जुळून नाही राहिलेत आणि कारण समजून नाही राहिलं.

हिशोब साधा आहे, एफएओच्या पेनमन-मॉन्टीथ सूत्राने दिवसाचं बाष्पोत्सर्जन काढायचं, पिकाच्या गुणांकाने गुणायचं, मग क्षेत्रफळाने गुणून किती लिटर द्यायचे ते ठरवायचं. एक एकर आणि पाच मिमी धरले तर वीसेक हजार लिटर. हा आकडा सकाळी फाइलमध्ये बायनरीत लिहून ठेवतो, म्हणजे दशांशात छापताना शेवटचे अंक गळले असं होत नाही. वॉल्व पूर्ण वेळ चालला की तोच आकडा 'दिलेलं' म्हणून धरतो आणि संध्याकाळी ही ओळ चालते (नावं इथे मराठीत केली आहेत):

उरलेलं = मिमी * क्षेत्रफळ - दिलेलं;
जर (उरलेलं > ०) तर वॉल्व पुन्हा उघड;

सगळं डबलमध्ये (६४ बिटांची दशांश संख्या, त्यात अंकांसाठी ५३ बिट) आहे. इंटेलवर उरलेलं चोख ० येतं, रोज. बोर्डवर कधी ०, कधी १० च्या उणे १२ व्या घाताच्या आसपासचं काहीतरी, कधी प्लस कधी मायनस. प्लस आलं की वॉल्व उघडतो आणि किमान सायकल पूर्ण करूनच बंद होतो. काळ्या जमिनीत बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या लागतो हे संत्रावाल्यांना सांगायला नको, त्यामुळे हा शेवटच्या बिटाचा प्रश्न आमच्यासाठी थेट झाडाचा प्रश्न आहे.

आतापर्यंत जे दिसलं ते असं की दोन्हीकडे जीसीसी कंपायलरचं व्हर्जन एकच आहे आणि -ओ२ (कोड वेगवान करायची पातळी, -ओ० म्हणजे बंद) पण एकच आहे, तरी फरक येतो. बोर्डवर -ओ० ने बिल्ड केलं की फरक गायब. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे -ओ२ तसंच ठेवून फक्त एसटीडी=सी११ (स्टँडर्ड सी भाषाच वापर असं सांगणारा फ्लॅग) टाकलं तरी गायब, आधी काहीच दिलेलं नव्हतं म्हणजे डिफॉल्ट जीएनयूवालं, जीसीसीच्या स्वतःच्या जोडण्यांसकटचं सी चालू होतं. दशांश आकडेमोडीचं स्टँडर्ड आयईईई ७५४ दोन्ही प्रोसेसर पाळतात ना, मग एक गुणाकार आणि एक वजाबाकी यात फरक येतोच काहून? बोर्डची चिप खराब आहे का? आणि दोघांपैकी बरोबर कोण?

प्रतिसाद: धरमपेठकर

भाऊ, चिप ठणठणीत आहे. हे एफएमए आहे, फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड. साध्या पद्धतीत गुणाकार झाला की तो ५३ बिटांत राउंड होतो, मग वजाबाकी होते, ती पुन्हा राउंड होते. एफएमएमध्ये गुणाकार पूर्ण लांबीचा ठेवून वजाबाकी करतात आणि राउंडिंग शेवटी एकदाच. ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीपासून ही क्रिया स्टँडर्डमध्येच आहे, म्हणजे दोन्ही प्रोसेसर नियम पाळून राहिले. प्रश्न हा आहे की तुमच्या ओळीसाठी कोणती क्रिया वापरायची हे कंपायलरने ठरवलं, तुम्हाला न विचारता.

आता तुमची ओळ बघा. 'दिलेलं' हा राउंड झालेला गुणाकार आहे. एफएमए न राउंड झालेल्या गुणाकारातून ते वजा करायला बसतो, तर उरणार काय? सकाळच्या राउंडिंगमध्ये जेवढं कापलं किंवा वाढलं गेलं तेवढंच. वीस हजारांच्या आसपास दोन शेजारच्या डबलमधलं अंतर साधारण ३.६ गुणिले १० चा उणे १२ वा घात आहे आणि राउंडिंगची चूक जास्तीत जास्त त्याच्या निम्मी, तुमच्या आकड्याशी बरोबर जुळतं.

इंटेलवर होत नाही कारण जीसीसी साध्या एक्स८६-६४ साठी फक्त एसएसई२ हा जुना सूचनासंच धरून चालतो, त्यात एफएमए नाही. इंटेलने तो २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून दिला, पण कंपायलरला सांगितल्याशिवाय तो वापरत नाही. ६४ बिट एआरएममध्ये मात्र एफएमए मूळ संचातच आहे. आणि जीसीसीचं डिफॉल्ट एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=फास्ट आहे, म्हणजे जमेल तिथे गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी जोडून एफएमए करा. -ओ० वर ती जोडणी होत नाही आणि सी मध्ये एसटीडी=सी११ दिलं की ते ऑफ होतं, तुमचे दोन्ही पुरावे तिथेच जातात. सी++ ला मात्र एसटीडीवर विसंबू नका, तिथे ते ऑफ होत नाही. सरळ एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ लिहा, दोन्ही मशीनच्या मेकफाइलमध्ये.

प्रतिसाद: धागा उघडणारा

खूप धन्यवाद दादा. ऑब्जडंपने बायनरीतल्या मशीन सूचना पाहिल्या, बोर्डच्या बायनरीत त्या जागी खरंच एकच एफएनएमसब (जोडलेली क्रिया) आहे, इंटेलवर एमयूएलएसडी (गुणाकार) आणि मग एसयूबीएसडी (वजाबाकी) असे दोन. फ्लॅग टाकल्यावर संध्याकाळचं उरलेलं दोन्हीकडे ० येऊन राहिलं. पण ताडणीत क्वचित एखाद्या दिवशी मिमीचाच शेवटचा अंक वेगळा दिसतो, आणि तिथे तर फ्लॅग लागू आहे. हे काय राहिलं अजून?

प्रतिसाद: आकडेमोड

ते बहुतेक एक्स्प आहे, म्हणजे ई चा घात काढणारं फंक्शन. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर अचूक राउंड व्हायलाच पाहिजे असं ७५४ सांगतं, पण एक्स्प, लॉग, साइन यांच्यासाठी तशी सक्ती नाही. तुमच्या सूत्रात संपृक्त बाष्पदाबासाठी ०.६१०८ गुणिले एक्स्प आहेच. जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये तर एक्स८६ वर याच फंक्शनचे एफएमएवाले आणि बिनएफएमएवाले वेगवेगळे अवतार असतात आणि प्रोग्राम चालू होताना प्रोसेसर बघून त्यातला एक निवडला जातो, म्हणजे एकच बायनरी जुन्या आणि नव्या इंटेलवरही क्वचित वेगळा शेवटचा बिट देऊ शकते. तुमचा फ्लॅग तुमच्या कोडला लागतो, आधीच बिल्ड झालेल्या लायब्ररीला नाही. दोन्हीकडे हुबेहूब हवं असेल तर एक्स्प स्वतःच्या सोर्समध्ये घेऊन त्याच फ्लॅगने बिल्ड करा, किंवा कोअर-मॅथसारखी अचूक राउंड करणारी लायब्ररी वापरा.

फास्ट-मॅथ (वेगासाठी अचूकतेचे नियम सैल करणारा फ्लॅग) आणि मार्च=नेटिव्ह (त्याच मशीनच्या प्रोसेसरच्या सगळ्या सूचना वापर असं सांगणारा) मेकफाइलमध्ये कुठे लपलेलं नाही ना तेही बघा, मार्च=नेटिव्हने नव्या इंटेलवरसुद्धा एफएमए सुरू होतो. आणि उद्या क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर गेलात तर व्हर्जन १४ पासून त्याचंही एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट डिफॉल्टने ऑन आहे, एका एक्स्प्रेशनपुरतं.

पण कळकळीने सांगते, फ्लॅगवर थांबू नका. बरोबर कोण विचारलंत, तर ती एक क्रिया एफएमएनेच जास्त अचूक केली, तरी वॉल्व चुकीचा उघडला. तुमचा तापमानाचा सेन्सर दशांशाच्या पहिल्याच घरात डुगडुगतो, आणि वॉल्व उघडायचा निर्णय बाराव्या घरावर टांगलेला आहे. तिथे '> ०' ऐवजी '> किमान सायकलचं पाणी' लिहा, जेवढं पाणी वॉल्व देऊच शकत नाही तेवढ्यासाठी तो उघडायचाच नाही. ताडणीतही बाइट न् बाइट जुळवण्यापेक्षा लिटरमध्ये फरक मोजा.

प्रतिसाद: धागा उघडणारा

ताई, हे पटलं. किमान सायकल प्रत्येक बागेत वेगळी आहे (लॅटरल म्हणजे ओळीतल्या नळीची लांबी, ड्रिपर किती लिटरचा त्यावर), तर ती कॉन्फिगमधूनच घेतो आणि आज बोर्डवर टाकतो. बाइटची ताडणी काढत नाही पण, ती फक्त रिलीजआधीच्या टेस्टमध्ये ठेवतो, कारण कंपायलर बदलला की पहिली खबर तिथेच लागेल. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडे जुने ३२ बिटचे एक-दोन बोर्ड अजून बागेत आहेत, एक्स८६ वाले. त्यांनाही हाच फ्लॅग पुरेल का?

प्रतिसाद: धरमपेठकर

नाही पुरणार. ३२ बिट एक्स८६ वर जीसीसी डिफॉल्टने दशांश आकडेमोडीचा जुना एक्स८७ भाग वापरतो, १९८० च्या ८०८७ चा वारसा, त्याचे रजिस्टर ८० बिटांचे. मधलं उत्तर रजिस्टरमध्ये राहिलं तर ६४ बिट मँटिसाने (संख्येच्या अंकांचा भाग) राहतं, मेमरीत गेलं की ५३ वर येतं, म्हणजे मध्ये एक प्रिंटएफ टाकला तरी उत्तर बदलू शकतं. जीसीसीच्या बगझिलात (बगांच्या नोंदवहीत) ३२३ नंबरचा बग याच्यावरच आहे, वाचून घ्या. बोर्डच्या चिपमध्ये एसएसई२ असेल तर एमएसएसई२ आणि एमएफपीमॅथ=एसएसई दोन्ही टाका. नसेल तर एफएक्सेस-प्रिसिजन=स्टँडर्ड टाका, कास्ट आणि असाइनमेंटला तरी ५३ वर येईल, पण इंटेलच्या ६४ बिटशी हुबेहूब जुळेलच असं धरू नका. प्रोसेसरचा नंबर इथे टाका, सांगतो.