चातकाची शाल: चित्र नको, पाऊस विणा

ताई, चातकाच्या गोष्टीवर शाल विणायचा तुमचा बेत फार आवडला. पण अख्खा पक्षी जाळीदार विणीत बसवायच्या फंदात पडू नका. भोकाभोकांतून चोच-डोळे काढायला गेलं की लांबून कोंबडीच दिसते! त्यापेक्षा तो ज्याची वाट बघतो तो पाऊस विणा.

त्यासाठी 'फेदर अँड फॅन' ही लाटांची जाळीदार वीण घ्या. ती १८ टाक्यांची, ४ ओळींची, तेवढीच पुन्हा पुन्हा विणायची. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत दोन-दोन टाके एकत्र तीनदा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. चौथी सुलट. जाळी फक्त तिसऱ्या ओळीत पडते, लाटा आपोआप येतात. अधूनमधून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक सुती दोरा ओवून ठेवा, उसवायची वेळ आली तर तिथेच थांबता येतं.

चातक काळा-पांढरा, म्हणून काळी लोकर घ्यावीशी वाटेल. पण ट्यूबलाइटखाली काळे टाके दिसत नाहीत. गडद राखाडी घ्या, काठ पांढरा.

ठाण्याच्या उकाड्यात सुती चालेल का, असं विचारलंत. चालेल, पण सूत लोकरीसारखं ताणून आकार धरत नाही. बारीक मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) बघा. आणि विणलेली शाल ओली करून, टाचण्या लावून ताणायचं काम मे महिन्यातच उरका. येऊरच्या डोंगरात पाऊस सुरू झाला की इथे रुमालसुद्धा वाळत नाही.