टॉम अँड जेरी: मूळ भाग आणि टीव्हीसाठी बदललेला भाग कसा ओळखायचा?

बोकोबा: 'सॅटर्डे इव्हनिंग पस'च्या दोन फाइल्स आहेत. एकीत घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई, दुसरीत सडपातळ गोरी तरुणी. मूळ कोणती? शिवाय काही भागांत जेरीच्या गळ्यात लाल बो आहे आणि दोघं चक्क दोस्त! ते कुठल्या काळातले?

रिळवाला: बाईवाली मूळ, १९५०ची. टॉम-जेरीचे जनक हॅना-बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ दरम्यान ११४ लघुपट केले, तेही थिएटरसाठी, मोठ्यांसकट सगळ्या प्रेक्षकांना धरून. सप्टेंबर १९६५पासून सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीने ते शनिवारी सकाळी दाखवायला घेतले, तेव्हा ही बाई, म्हणजे मॅमी टू शूज, वांशिक साचा म्हणून खटकू लागली. अॅनिमेशन दिग्दर्शक चक जोन्सच्या चमूने तिचे शॉट्स नव्याने काढून तिथे गोरी बाई बसवली आणि लिलियन रँडॉल्फच्या आवाजाऐवजी जून फोरेचा आवाज घातला. स्फोटानंतर चेहरा काळा पडण्याचे विनोदही कापले गेले.

या भागात बाई कुठे निघते ते बघा. मूळात ती पत्त्यांचा ब्रिज खेळायला जाते, बदललेल्यात तरुणी नाचायला. फक्त पाय दिसणाऱ्या भागांत आवाजावर जा. पण सावध, पुढे नव्वदच्या दशकात मूळ चित्रांवरच दुसरा आवाज चढवलेल्या प्रतीही निघाल्या. म्हणजे चित्र मूळ म्हणून आवाज मूळ, असं धरू नका.

सेलपट्टी: लाल बो म्हणजे १९७५ची एबीसी वाहिनीवरची मालिका. तीही हॅना-बार्बेरांचीच, म्हणून लोक फसतात. तोवर मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीविरुद्ध पालकगटांचा दबाव इतका वाढला होता की पाठलागच काढून टाकला! सात-सात मिनिटांचे ४८ भाग एका हंगामात. आधीचे ११४ करायला अठरा वर्षं लागली होती, हे लक्षात घ्या. मग चित्रांची काटकसर करावीच लागते: शरीर स्थिर, हलतं फक्त तोंड किंवा हात. टॉम आपटल्यावर चपटा होऊन परत फुगतो त्याला प्रत्येक टप्प्याचं वेगळं चित्र लागतं. इथे ते परवडत नाही. आणि पाठलाग नसेल तर मूळ भागांचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांच्यासारखं पावलागणिक संगीत तरी कशावर बांधणार? माझ्या मते खरी हानी दोस्तीने नाही, या काटकसरीने झाली.

बोकोबा: आभार. १९५५-५६च्या काही भागांत जेरी मध्येच फ्रेमबाहेर जातो, तेही सेन्सॉरमुळे?

रिळवाला: नाही, ते सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्यासाठीचं चित्रीकरण. रुंद चित्र ४:३ आकाराच्या जुन्या, चौकोनी टीव्हीत बसवताना कडेचं ४० टक्क्यांच्या आसपास कापलं जातं. टॉम एका टोकाला, जेरी दुसऱ्या टोकाला असला की एकालाच जागा मिळते. अशा भागांची रुंद पट्टीतलीच प्रत घ्या. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर झूम करून त्या घालवू नका, कापाकापी पुन्हा तीच होईल.