स्पीकर घेताना बारीकसारीक ऐकू येण्याला किती महत्त्व द्यावं?

प्रश्न: १२ बाय १४ च्या हॉलसाठी दोन जोड्या ऐकल्या. पहिलीवर गायिकेचा श्वास, तबल्याच्या शाईवरचं बोट, सगळं सुटंसुटं. दुसरीवर ते मागे राहतं, पण डग्ग्याची घुमक भरून येते. पहिली थोड्या वेळाने कानाला टोचते. कोणती घ्यावी?

उत्तर १: दुसरी, डोळे झाकून! मी रोज तंबोरा जुळवते, म्हणून ठामपणे सांगते. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेली गुंज) नीट खुलली की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून गंधार (ग) आपसूक ऐकू येतो. तो गंधार स्पीकरवर षड्जातून (सा मधून) उमलतो का ते ऐका. काही महागड्या स्पीकरवर तारेचा झणत्कार लख्ख असतो, पण गंधार त्यापासून तुटलेला. असा तपशील मला नको. श्वास ऐकू आला नाही तरी चालेल, आस, म्हणजे सुराचा मागे रेंगाळणारा सलग नाद, तुटता कामा नये.

उत्तर २: थोडं असहमत. तपशील हवाच, पण तो खरा आहे का ते पाहा. आपला कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. तिथे आवाज जरा उचलला की जास्त ऐकू येतंय असं वाटतं. रेकॉर्डिंग मात्र तेच. शिवाय दोन्ही जोड्या सारख्या आवाजावर लावा. एखाद डेसिबलने मोठी वाजणारी बहुतेकदा सरस वाटते.

उत्तर ३: ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत ऐकत असाल तर पहिलीवर खरखरच पुढे येईल. घरी आणून ऐकू देतात का विचारा. उघड्या फरशीच्या खोलीत पहिली जोडी आणखी टोचेल.